शुक्रवार-शनिवारचे चार चित्रपट

दोन दिवसांत चार चित्रपट पाहण्याचा पराक्रम आमच्या हातून या वयात होणे नाही. तो केला आहे अलिबागच्या आमच्या जुन्या शेजारीण वहिनींनी, आणि तोही सौदी अरेबियातील थुवाल या गावी. तीन महिने मुलाकडे राहून त्या नुकत्याच घरी परतल्या, व दूरध्वनीवरून त्यांनी आम्हांस सर्व वृत्तांत साद्यंत ऐकविला.

थुवाल हे लाल समुद्राच्या काठचे, जेद्दाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवरील मूळचे मासेमारीचे गाव. २००९ साली तेथे किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाले आणि देशोदेशींची संशोधक मंडळी सहकुटुंब तेथे राहू लागली. वहिनींचा मुलगा त्यांपैकीच एक. २०१३ पासून त्या देशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, म्हणजे आपल्यासारखीच. अंतर इतकेच की, आपल्या घरी मध्ये शब्बाथ येतो आणि पडदा मिटलेला राहतो.

पहिला चित्रपट होता त्याच देशातला, 'वाजदा' (२०१२). दहा वर्षांच्या एका मुलीला सायकल हवी असते, एवढीच कथा. दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांना रियाधच्या रस्त्यावर पुरुषांमध्ये उघडपणे वावरता येत नसल्याने कित्येक प्रसंग त्यांनी मोटारीत बसून, बिनतारी यंत्रावरून सूचना देत चित्रित केले. त्या काळी देशात सार्वजनिक चित्रपटगृहे बंदच होती. रियाधमध्ये पहिले उघडले ते १८ एप्रिल २०१८ रोजी. वहिनींना अरबीचे अक्षरही येत नाही. "भाऊजी, सायकलीसाठी रुसलेली पोर समजायला भाषा कशाला हवी?" असे त्या म्हणाल्या. आम्ही निरुत्तर झालो.

त्याच रात्री पाहिलेल्या मारधाडीच्या हिंदी चित्रपटाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. नायक दहा जणांस लोळवितो आणि त्याच्या केसांचा भांग विस्कटत नाही, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे. परंतु सबंध घर सर्वांत अधिक हसले ते याच चित्रपटाला, आणि नेमके दुःखाच्या प्रसंगी! गाजराची पुंगी वाजली नाही, तर मोडून खाता येते, हेच खरे.

शनिवारी दुपारी लागला हृषीकेश मुखर्जी यांचा 'गोलमाल' (१९७९). त्यातील डॉक्टरमामा पडद्यावर येताच वहिनींनी नऊ वर्षांच्या नातवाला सांगितले, "हा बघ, हा आपल्या चौलचा!" वाचकांनी ओळखलेच असेल. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधील (१९५४) जॉनचाचा, १९६९ चे पद्मश्री, आणि आडनावातच अलिबागनजीकचे चौल बाळगणारा आपला बेने इस्राएल माणूस. अखेरीस ते कॅनडात निवर्तले. गाव मात्र नावातून सुटले नाही. एका हिंदू आजीने सौदी अरेबियात बसून आपल्या नातवाला डेव्हिड 'आपला' म्हणून दाखवावा, हे ऐकून आमचा कंठ दाटून आला.

चौथा चित्रपट मराठी, संदीप सावंत यांचा 'श्वास'. 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवून दिले ते यानेच. कोकणातले आजोबा नातवाला डोळ्यांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी शहरात आणतात. शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार, म्हणून ते त्याला रुग्णालयातून बाहेर काढून शहर दाखवितात. इंग्रजी शाळेत शिकणारा वहिनींचा नातू खालच्या इंग्रजी ओळी वाचीत बसला होता. त्याने विचारले, "आजी, त्याला बाहेर का नेले?" वहिनी एवढेच म्हणाल्या, "पाहून घे म्हणून."

पुढे परतीच्या दिवशी पहाटे त्या पोराने आजीला हाताला धरून समुद्रकाठी नेले आणि मराठीत सांगितले, "आजी, पाहून घे." हे सांगताना वहिनींना पुढे बोलवेना.

आम्ही ईर्ष्येने शब्बाथ सरताच आमच्या नातवाला 'श्वास' दाखविण्यास बसविले. दर वाक्याला चित्रपट थांबवून हिब्रूत अर्थ सांगितला. कोकण म्हणजे काय, आपले पूर्वज तेथे कसे आले, तेलाचे घाणे कसे चालवीत, हेही सांगितले. पंधराव्या मिनिटाला चिरंजीव पाणी पिण्यास म्हणून उठले, ते परतले नाहीत. आम्हांस राग आला तो त्याचा. दुसऱ्या दिवशी वहिनींचे बोलणे आठवले आणि राग स्वतःचाच आला. त्यांनी शिकवणी घेतली नव्हती. त्या पोराशेजारी बसल्या होत्या, वाईट चित्रपटालाही त्याच्याबरोबर हसल्या होत्या, आणि त्याने विचारले तेव्हा दोनच शब्द दिले होते. तेवढेच त्याने जपून ठेवले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी नातवंडांची मराठी 'चहा' आणि 'चल' यांपलीकडे उरलेली नाही. तक्रार आम्हीही पुष्कळ केली. येत्या शनिवारी सायंकाळी आम्ही 'गोलमाल' लावणार आहोत व अगदी गप्प बसणार आहोत. डॉक्टरमामा आले की मात्र एकदाच म्हणू, "हा आपला." पुढे काय होते ते वाचकांस यथावकाश कळवू, ज्यांचा प्रयोग आमच्याआधी सफल होईल, त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे.