वसईच्या घंटा आणि वसईचे दगड

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि येथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला त्या आजही आहेत. विजयचिन्हे म्हणून का होईना, त्या जतन झाल्या हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतले पोर्तुगीज समाधिलेख मात्र उन्हापावसात, पर्यटकांच्या पायांखाली झिजत आहेत. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. पण २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो नाही. मानांकनाची वाट कशाला पाहावी? खात्याच्या परवानगीने आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनी प्रत्येक लेखाचे छायाचित्र व वाचन आताच नोंदवावे, आणि घंटांच्या माहितीसह ते किल्ल्याजवळच्या एखाद्या दालनात सर्वांसाठी खुले व्हावे.