सुईतला दोरा आणि खाडीतले रोहित

चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी दवाखान्यात येतात तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची तक्रार ठरावीक असते. मान दुखते, डोळे जड होतात, झोप लागत नाही आणि ‘तसं विशेष काही नाही हो, पण बरं वाटत नाही.’ रक्तदाब तपासावा, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड पाहावे, हे तर करायलाच हवे. त्यात काही सापडले तर औषध आहे. पण सर्व तपासण्या ठीक आल्यावर मी हमखास एक प्रश्न विचारते. सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक पूर्ण दिवस स्वतःच्या आवडीत घालवल्याला किती दिवस झाले? उत्तरादाखल बहुतेक जणी नुसत्या हसतात. काही जणींचे डोळे भरून येतात.

असा दिवस म्हणजे चैन, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. मला ती मान्य नाही. मीठ कमी खा, चाला, वेळेवर झोपा हे आपण सांगतो, त्याच यादीत हा दिवस बसतो असे माझे स्पष्ट मत आहे.

भरतकामाचेच पाहा. साखळी टाका, गव्हाचा टाका, काश्मिरी टाका असे एकसारखे टाके घालत गेले की हाताला लय सापडते, श्वास संथ होतो आणि मनातली चक्रे थोडी थांबतात. ज्यांनी आजीच्या शेजारी बसून गोधडीला दोरा घातला आहे त्यांना हे सांगायला नको. शिवाय संध्याकाळी हातात काहीतरी पूर्ण झालेले दिसते. स्वयंपाकाचे तसे नसते. तो दोन तासांत ताटातून संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पण सुईकामाला एक बाजू आहे. जवळचे बारीक काम पाहताना डोळ्यातील छोटा स्नायू सतत आवळलेला राहतो, पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. चाळिशीनंतर तर डोळ्यातील भिंगच ताठर होत जाते. सुईत दोरा ओवताना हात लांब न्यावा लागू लागला की चष्म्याची वेळ झाली, त्यात लाज कसली? मधुमेह असलेल्यांनी अंगुस्तान घातल्याशिवाय सुई धरू नये, कारण बोटांची संवेदना कमी झालेली असेल तर टोचलेले कळत नाही आणि जखम चिघळते. दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांबवर पाहावे, तेवढ्याने तो स्नायू सैल पडतो.

आणि इथेच पक्षी कामाला येतात. पक्षी पाहणे म्हणजे डोळ्यांचे दूरचे काम. सकाळी सुई आणि दुपारनंतर पक्षी अशी वाटणी डोळ्यांना अतिशय मानवते. मुलांना बरोबर घेतले तर त्यांचाही फायदा आहे. लहान वयात भरपूर वेळ उघड्यावर घालवणाऱ्या मुलांना लांबच्या नजरेचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी राहते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. तैवानमध्ये तर शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर असावे असा कार्यक्रमच राबवला गेला.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला चेंबूरला राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे गेले होते. सकाळी आम्ही दोघी गॅलरीत रिंग आणि दोऱ्याच्या लड्या घेऊन बसलो, दुपारी मुलाबाळांसह शिवडी-माहुलच्या खाडीवर गेलो. ओहोटीला तिथे मैलभर चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर हजारोंनी रोहित, म्हणजे अग्निपंख, इंग्रजीत ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात ते. १९९० च्या दशकापासून ते इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यात लहान रोहित अधिक. वाकडी चोच उलटी करून ते चिखलपाण्यातले शेवाळ गाळून खातात आणि त्या शेवाळातील रंगद्रव्यामुळेच त्यांची पिसे गुलाबी होतात. पिल्ले मात्र करडी असतात. हे रंगद्रव्य आपल्या गाजरातील रंगाच्याच कुळातले. (गाजर खाऊन चष्मा जात नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. तो प्रश्न दर आठवड्याला येतो.) शेकाट्या, तुतवार, बगळे, कुरव हेही होतेच. भाचीने तासाभरात अकरा जाती ओळखल्या आणि तिचे आजोबा, ज्यांना एरवी कोपऱ्यापर्यंत चालायचा कंटाळा, ते दुर्बिणीसाठी नातीच्या मागे मागे दोन किलोमीटर तरी चालले असतील.

आता सहलीबद्दल थोडे कडू बोलते. आपल्याकडे कुटुंबाची सहल हा घरातल्या बाईचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. पहाटे पाचला उठून पंचवीस पोळ्या, बटाट्याची भाजी, दशम्या, मुलांचे जादा कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या. आणि परत आल्यावर डब्यांचा ढीग. अशा सहलीने तिचे आरोग्य सुधारेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. बहिणीच्या घरी नियम आहे, सहलीच्या दिवशी चूल पेटत नाही. भडंग, केळी, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या एवढेच, आणि ते भरायचे काम मेहुणे करतात. पुरुष वाचकांनी एवढी एक ओळ कापून ठेवली तरी हा लेख कारणी लागेल.

मात्र माहुलचे नाव घेऊन फक्त पक्ष्यांबद्दल लिहिणे मला डॉक्टर म्हणून जमणार नाही. त्याच खाडीच्या काठावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी माहुल आणि आंबापाडा भागातील रहिवाशांची पाहणी केली, तेव्हा श्वास लागणे, डोळे चुरचुरणे, घुसमटल्यासारखे होणे या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आढळल्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये येथील हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले आणि २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. मधल्या काळात, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हलवलेली हजारो कुटुंबे माहुलच्या इमारतींत आणून ठेवली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की यापुढे कोणाला सक्तीने तिथे पाठवू नका, आणि ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांना दरमहा १५,००० रुपये भाडे द्या. २०२५ मध्ये महापालिकेने तेथील रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, तर घेणारे फारसे पुढे आले नाहीत.

हवेतील बेंझीन, टोल्युइन यांसारख्या वायूंवर भरतकाम हा उतारा नाही. छंद जोपासा, मन प्रसन्न ठेवा, असा सल्ला माहुलच्या इमारतीत खिडक्या लावून बसलेल्या बाईला देणे सोपे आहे, पण तिला आधी श्वास घेण्याजोगी हवा मिळायला हवी आणि ती देणे तिच्या हातात नाही. सहलीला आलेले आपण संध्याकाळी परत जातो. ती तिथेच असते. रोहित पक्षीसुद्धा पावसाळ्याआधी निघून जातात. आपल्या जिल्ह्यातही औद्योगिक वसाहतींच्या कुशीत वस्त्या आहेत, तिथल्या खोकल्याकडे आपण किती लक्ष देतो, हे नगरपालिकेच्या सदस्यांना वाचकांनी जरूर विचारावे.

दमेकऱ्यांनी शिवडी-माहुलकडे जाताना आपला इनहेलर खिशात ठेवावा, हवेला वास येत असेल तर नाद सोडून परतावे. जायचेच असेल तर डिसेंबर ते मे हा काळ चांगला. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात. पूर्ण भरतीत चिखल बुडतो, पूर्ण ओहोटीत पक्षी लांब जातात, मधले दोन-तीन तास उत्तम. आणि एवढ्या लांब जायलाच हवे असेही नाही. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित येतात, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर आहे आणि गावाबाहेरचा पाझर तलाव तर प्रत्येकाच्या ओळखीचा. डोक्याला टोपी, पायात बूट, आणि सुईकामाची पिशवी त्या दिवशी घरीच ठेवा. हलत्या एस.टी.त सुई चालवणाऱ्या दोघींची बोटे मी शिवलेली आहेत.