इसाराआधीचा सातबारा

मुरुमसारख्या गावात प्लॉट विकणाऱ्या एजंटाची पारख त्याच्या गोड बोलण्यावरून करू नये. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना तो आपणहून दाखवतो का, ते बघा. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, कधी बहिणींचा हक्कही तिथेच सापडतो. रस्ता मंजूर नकाशात आहे की नुसता फक्कीने आखलाय, हेही त्याने न विचारता सांगावं. नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्या एजंटांना महारेराने 2023 मध्ये परीक्षा सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण गावातले बहुतेक व्यवहार शब्दावरच चालतात. अडचणी आधी सांगूनही ज्याचा सौदा खरेदीखतापर्यंत पोचतो, तोच खरा विकणारा. इसार देण्याआधी ताजा सातबारा आणि फेरफार स्वतः काढून वाचाच.