हात गेले, असे लगेच म्हणू नका

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रस्त्यावरचा अपघात असो, झाडावरून पडणे असो की विहिरीत कोसळणे, मानेचा मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली की जीव वाचूनही हातपाय लुळे पडतात. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘पुन्हा चालेल ना?’ रुग्णाच्या मनात मात्र अनेकदा दुसरेच असते. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा जवळपास निम्म्या रुग्णांनी सर्वांत आधी हात परत मागितले. कळण्याच्या भाकरीचा तुकडा स्वतः मोडता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे दुसऱ्याच्या हातून घास खावा लागल्यावरच कळते.

हातांचे काम काही अंशी परत आणणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. त्यांनी मज्जारज्जू दुरुस्त होत नाही. शाबूत राहिलेला एखादा स्नायू नव्या कामाला लावला जातो. कोपर वाकवणारे स्नायू एकाहून अधिक असतात. त्यांतल्या एकाची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, अंगठ्याच्या कंडरेला जोडली की चिमटीत वस्तू धरता येते. खांद्याच्या मागच्या स्नायूने कोपर सरळ करण्याची पद्धत स्वीडनच्या डॉ. एरिक मोबर्ग यांनी १९७०च्या दशकात पुढे आणली. कंडरा हलवण्याचे तंत्र भारताला परके नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे आखडलेले हात याच मार्गाने कामाला लावले.

दुसरी पद्धत मज्जातंतू जोडण्याची. मेलबर्नच्या डॉ. नताशा व्हॅन झिल यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १३ रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे निकाल मांडले. कोपर सरळ करणे, वस्तू पकडणे आणि सोडणे त्यांना जमू लागले होते. काही जोडण्या अपयशीही ठरल्या.

येथे वेळ महत्त्वाची आहे. नवा तंतू दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो आणि तोवर काही स्नायू कायमचे वाळू शकतात. त्यामुळे मज्जातंतूंच्या जोडणीचा विचार पहिल्या वर्षातच व्हायला हवा. कंडरेची शस्त्रक्रिया मात्र अनेक वर्षांनीही करता येते. प्रत्येक रुग्ण तिला योग्य असतोच असे नाही. नंतर काही आठवडे हात बांधून ठेवावा लागतो आणि कित्येक महिने व्यायाम करावा लागतो.

तोवर हात जपणे घरच्यांच्या हाती आहे. सांधे आखडू देऊ नयेत, पाठीला जखमा होऊ देऊ नयेत. मनगट वर उचलता येत असेल, तर ते वर असताना मालिश करणाऱ्याने बोटे ताणून सरळ करू नयेत. मनगट उचलल्यावर बोटे आपोआप मिटतात. तीच रुग्णाची पकड असते आणि जास्त ताणल्याने ती सैल पडते.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मानेच्या इजेच्या प्रत्येक रुग्णाच्या हातांची तपासणी सहा महिन्यांच्या आत व्हावी, कोणते स्नायू शाबूत आहेत हे कागदावर यावे आणि योग्य रुग्ण मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी वेळेत पोहोचावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. ठरलेला दिवस, एक नोंदवही आणि पाठपुरावा करणारा माणूस लागतो. घरी जाण्याचा कागद हाती घेताना नातेवाइकांनीही एवढे विचारावे : ‘डॉक्टर, हातांचे काय?’