परत एक्स्पोर्ट मारून बघणाऱ्यांनो...

मंडळी, गेल्या शनिवारी सकाळी पहिला चहाही झाला नव्हता आणि ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला. बहिणीच्या लग्नाची फिल्म तो स्वतःच एडिट करतोय. आवाजावरूनच कळत होतं की गडी रात्रभर झोपलेला नाही.

"अरे, टाइमलाइनवर सगळं स्वच्छ दिसतं. एक्स्पोर्ट केलं की मधेमधे हिरवे चौकोन येतात. सहा वेळा मारला एक्स्पोर्ट."

मी विचारलं, "चौकोन दर वेळी त्याच जागी येतात का?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "ते नाही पाहिलं रे. आणि आधीच्या फाइली ओव्हरराइट झाल्या."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. सातव्या वेळी चौकोन गेले होते! मधल्या वेळात पठ्ठ्याने ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला, हार्डवेअर एन्कोडिंग बंद केलं, बिटरेट दुप्पट केला, फॉरमॅट बदलला आणि मशीन रीस्टार्ट केलं. पाचही गोष्टी एकदम. त्यातल्या नेमक्या कशाने काम झालं? देव जाणे. पण आमच्या ग्रुपवर त्याने लगेच सल्ला टाकला, "हिरवे चौकोन आले तर बिटरेट वाढवा." खाली अकरा अंगठे.

अंधश्रद्धा जन्माला येते ती अशी. म्हणून आजचं हे लिखाण. ज्यांना राग येणार आहे त्यांनी खुशाल यावा, कारण या प्रकारात सगळ्यात मोठा गुन्हेगार मीच आहे. ते पुढे सांगतो.

माझं म्हणणं साधं आहे. एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत जे बिघडलेलं दिसतं, ते बऱ्याचदा एक्स्पोर्टमध्ये बिघडलेलंच नसतं. कॅमेरा, कॉपी केलेली फाइल, टाइमलाइन, इफेक्ट, एन्कोडर आणि शेवटी प्लेयर, अशी ती साखळी असते. बिघाड यातल्या कुठल्याही कडीत असू शकतो. आपल्याला तो शेवटी दिसतो म्हणून आपण शेवटच्या बटणावर खापर फोडतो. पोस्टमनने वाईट बातमी आणली म्हणून पोस्टमनलाच बदडण्यातला हा प्रकार.

आणि हे करतं कोण? आपणच. ऑफिसात बग आला की आपण लॉग मागतो, "रीप्रोड्यूस होतोय का?" विचारतो, एका वेळी एकच बदल करतो. ज्युनिअरने पाच बदल एका कमिटमध्ये ढकलले तर त्याचा जाहीर सत्कार करतो. पण तोच माणूस घरी एडिटिंग सॉफ्टवेअर उघडतो आणि सगळं शिक्षण चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो. मग सुरू होतं ते साप साप म्हणून भुई धोपटणं.

आता माझा गुन्हा.

मे २००९. चिपळूणजवळच्या गावी मामेबहिणीचं लग्न होतं. चित्रीकरणाला गावातलेच व्हिडिओवाले होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. एसटी स्टँडजवळ छोटं दुकान, एक मिनीडीव्ही कॅमेरा, एक ट्रायपॉड. एडिटिंग मात्र मी करणार होतो, कारण मी पुण्याचा इंजिनिअर! भाऊंनी पाच टेप माझ्या हातात ठेवल्या. त्यांचे चार हजार रुपये द्यायचे बाकी होते. सीडी बघून देऊ, असं मामाने सांगितलं होतं.

मी मित्राचा हँडीकॅम आणून टेप कॉम्प्युटरवर घेतल्या, महिनाभर रात्री जागून एडिट केलं आणि डीव्हीडी घेऊन गावी गेलो. पंचवीस माणसं टीव्हीसमोर बसली. माणसं स्थिर बसलेली असताना चित्र झकास. पण सप्तपदी सुरू झाली आणि बहीण चालायला लागली, तशी ती थरथरायला लागली. पाऊल पुढे जायचं, किंचित मागे यायचं, पुन्हा पुढे. कॅमेरा जरा वळला तरी अख्खा मांडव गदगदा हलायचा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी क्षणाचाही विचार न करता निकाल दिला, "कॅमेऱ्याचं हेड खराब आहे."

मामाने पैसे अडवले. भाऊंना फोन लावला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दादा, टेप एकदा डायरेक्ट टीव्हीला लावून बघा की." मी त्यांना हेड क्लीनिंगवर पाच मिनिटं लेक्चर दिलं. टेप टीव्हीला लावून बघितली नाही.

गणपतीत पुन्हा गावी गेलो. आरती शूट करायची म्हणून हँडीकॅम बरोबर होता, टेपही परत द्यायच्या होत्या. पोरांनी हट्ट केला म्हणून एक टेप हँडीकॅममधून थेट टीव्हीवर लावली. बहीण सप्तपदी चालत होती. अगदी सुरळीत. कुठे थरथर नाही की काही नाही.

झालं होतं काय ते सांगतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, आणि जुन्या इंटरलेस्ड चित्रणात प्रत्येक फ्रेमचे दोन भाग, म्हणजे दोन फील्ड. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. दोन्ही एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या ५०व्या भागाचं अंतर असतं. डीव्ही टेपवर खालचं फील्ड आधी येतं. एचडीव्हीच्या १०८०आय चित्रणात वरचं आधी. मी एका ट्युटोरियलमधली सेटिंग्ज जशीच्या तशी उचलली होती आणि ट्युटोरियलवाल्याचा कॅमेरा होता एचडीव्ही. म्हणजे खालचं फील्ड आधी असलेल्या चित्रणावर मी 'अप्पर फील्ड फर्स्ट' असं लेबल चिकटवलं. परिणामी टीव्हीवर काळाचा क्रम झाला दोन, एक, चार, तीन, सहा, पाच. बहीण खरोखरच पुढे-मागे चालत होती, आणि चालवणारा होतो मी.

आता खरी लाज वाटण्याची गोष्ट. टेप किंवा हेड खराब असेल तर चित्रात चौकोनी ठिकऱ्या दिसतात, आडवे पट्टे फाटतात, आवाज तुटतो. आणि ते चित्र स्थिर आहे की हलतंय याची पर्वा करत नाहीत. माझ्या डीव्हीडीत यातलं काहीही नव्हतं. फक्त हालचाल झाली तरच थरथर, एवढंच होतं. आरोपीच्या बोटांचे ठसे समोर होते आणि मी ते न बघताच शेजाऱ्याला आत टाकला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मामाकडून पैसे घेऊन त्याच दिवशी भाऊंच्या दुकानात गेलो. त्यांनी पैसे मोजले नाहीत, खिशात ठेवले. "मी म्हटलं होतं ना दादा, टेप लावून बघा." बस्स. पण मधल्या तीन महिन्यांत "त्यांचा कॅमेरा खराब आहे" हे गावभर झालं होतं. आमच्याच नात्यातलं डिसेंबरचं एक लग्न चिपळूणच्या स्टुडिओकडे गेलं होतं. ते मी परत आणू शकलो नाही.

म्हणून मला 'परत मारून बघ' या सल्ल्याचा राग येतो. वेळ फुकट जातो हे तर आहेच. पण निदान न करता उपचार करणाऱ्याला शेवटी कुणीतरी दोषी लागतो आणि तो नेहमी आपल्यापेक्षा लहान माणूस असतो.

इंटरलेसिंगचा जमाना आता बराचसा गेला. पण ठसे आजही तितकेच बोलके आहेत. लग्नाचंच घ्या.

मंगलाष्टकं संपतात, शेकडो हात वर जातात आणि अक्षता पडतात. नेमकं त्याच क्षणी चित्राचे ठोकळे होतात. का? कॉम्प्रेशनचा बराचसा धंदा 'पुढची फ्रेम मागच्या फ्रेमसारखीच असेल' या अंदाजावर चालतो. अक्षतांचा प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने उडतो, अंदाज कोसळतो आणि आहे तो बिटरेट पुरत नाही. इथे बिटरेट वाढवणं हे अगदी योग्य औषध आहे. मी बिटरेटच्या विरोधात नाही. प्रत्येक दुखण्यावर तीच गोळी देणाऱ्या डॉक्टरच्या विरोधात आहे.

आता लाल शालूची कड किंवा लाल अक्षरातली नावं फिसकटलेली दिसतात तो प्रकार. साधारण एक्स्पोर्ट ४:२:० मध्ये होतो. म्हणजे उजेड-अंधाराची माहिती पूर्ण, पण रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एक. काळ्यावरचं लालभडक अक्षर त्यात फिसकटणारच. इथे बिटरेट दहापट केलात तरी फरक नाही. टायटलचा रंग बदला, किंवा अक्षराला पांढरी कड द्या.

हॉलमध्ये चित्रावरून काळपट आडवे पट्टे सरकतात? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनने ३० फ्रेमवर, १/६० शटरने शूट केलं की दोघांचा मेळ बसत नाही. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. हे पट्टे मूळ क्लिपमध्येच आहेत, एक्स्पोर्ट बिचारा काय करणार?

सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, अर्ध्या तासाने भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंत्र मागून येतात? फोन अनेकदा फ्रेमरेट कमीजास्त करत शूट करतात आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरना ते झेपत नाही. क्लिप आधी हँडब्रेकसारख्या फुकट साधनातून कायम फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या, मग टाइमलाइनवर टाका.

आणि काळा रंग राखाडी दिसतोय, सगळं धुऊन निघाल्यासारखं? तर १६ ते २३५ आणि ० ते २५५ या दोन मोजपट्ट्यांची कुठेतरी गल्लत आहे. दुसऱ्या प्लेयरमध्ये लावून बघा. तिथे ठीक दिसलं तर दोष फाइलचा नसून प्लेयरचा असण्याची शक्यता मोठी.

मग करायचं काय? चार प्रश्न, तेही याच क्रमाने. मूळ क्लिप एकटी लावली तर दोष दिसतो का? दुसऱ्या प्लेयरमध्ये, दुसऱ्या मशीनवर दिसतो का? काहीही न बदलता दोनदा एक्स्पोर्ट केलं, वेगळ्या नावांनी, तर दोष त्याच सेकंदाला येतो का? त्याच जागी आला तर क्लिप, इफेक्ट किंवा सेटिंग तपासा. जागा बदलत असेल तर मशीन तपासा, म्हणजे ड्रायव्हर, हार्डवेअर एन्कोडर, मेमरी, तापमान. आणि चौथा, त्या जागेवरचा एकेक इफेक्ट बंद केला तर नेमका कशाने जातो?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "एवढा वेळ कुणाला आहे? रात्री डिलिव्हरी आहे." अहो, तीन तासांची फिल्म एक्स्पोर्ट करायची कुणी सांगितली? दोषाच्या आजूबाजूचे २० सेकंद निवडा, तेवढेच काढा. मिनिटभराचं काम. सहा वेळा अख्खी फिल्म काढणाऱ्याने वेळेचं कारण सांगू नये.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. सॉफ्टवेअर बनवणारे, म्हणजे आपल्याच जातकुळीचे लोक, धुतल्या तांदळासारखे नाहीत. "एक्स्पोर्ट फेल्ड. अननोन एरर." असा निरोप लिहिणाऱ्याला चार दिवस एखाद्या लग्नाच्या एडिटरशेजारी बसवायला हवं. क्लिपचा आणि टाइमलाइनचा फ्रेमरेट जुळत नसेल तर तोंडातून ब्र न काढता काम पुढे रेटणारी सॉफ्टवेअरं आहेतच. पण त्यांची चूक ही आपल्या आंधळेपणाची सबब होऊ शकत नाही. माझ्या बाबतीत लेबल लावणारा हात माझाच होता.

तो मित्र आता म्हणतोय, "झालं ना काम, कशाला खोलात जायचं?" मी त्याला सांगितलं, पाचही बदल एकेक करून उलटे फिरव, प्रत्येक वेळी तेच २० सेकंद काढ आणि जे सापडेल ते ग्रुपवर टाक. तोवर तो बिटरेटचा सल्ला मागे घे. अजून घेतलेला नाही.

असो. भाऊ फार शिकलेले नव्हते. फील्ड ऑर्डर हा शब्दही त्यांनी कधी ऐकला नसेल. पण साखळीच्या पहिल्या कडीपाशी जाऊन बघायचं हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं होतं. हातात डिग्री असलेल्या माणसाला ते ऐकू आलं नाही.

पुढच्या वेळी एक्स्पोर्टच्या बटणाकडे सातव्यांदा हात जाईल तेव्हा एवढं करा. टेप एकदा डायरेक्ट टीव्हीला लावून बघा.