नव्या साहेबांनो, वेळेवर बोला

एप्रिल-मेमध्ये बढतीची पत्रं निघतात आणि चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीतले कितीतरी चांगले कामगार एका दिवसात सुपरवायझर होतात. हाताला कसब होतं, मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखता यायचा, म्हणून पत्र मिळालं. आता हाताखाली वीस-पंचवीस माणसं. त्यांच्याशी वागायचं कसं, हे मात्र कोणी शिकवलेलं नसतं. मग आपल्या जुन्या साहेबाची नक्कल सुरू होते, आणि तो साहेब ओरडणारा असेल तर हाही महिनाभरात ओरडायला लागतो.

अशांसाठी हे लिहितोय. ऑफिसात टीम लीड झालेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. गोड बोलता आलं नाही तरी चालेल, पण जे बोलायचं ते वेळेवर बोलायची सवय लावून घ्या. माणसं बिघडतात ती बहुतेक वेळा साहेबाने सांगायला उशीर केल्यामुळे.

हे शहाणपण जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखे कामगार भरले गेले आणि त्यांच्यावरचे मुकादमही पुष्कळदा नवखेच होते. तिथल्या सरकारने १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालवला, त्यातून १६ लाखांहून जास्त लोक शिकून गेले. त्यातला माणसांशी वागण्याचा धडा अवघा दहा तासांचा होता. काम कसं चाललंय हे ज्याचं त्याला सांगा, चांगलं केलं तर लगेच शाबासकी द्या, ज्या बदलाची झळ त्याला लागणार तो आधी कळवा आणि त्याच्या अंगातली कुवत वाया घालवू नका, असा त्याचा पाया. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानला गेला आणि टोयोटानेही उचलला. आपल्या कारखान्यांत टोयोटाच्या पद्धतीचे तक्ते भिंतभर लागतात, हा धडा मात्र त्यावर सहसा दिसत नाही.

यातलं ‘आधी कळवा’ आपल्याकडे सगळ्यात जास्त मार खातं. शनिवारी पाळी सुटताना बोर्डावर कागद चिकटवायचा, की सोमवारपासून रात्रपाळी. चिकटवणाऱ्याचं काम दोन मिनिटांत झालं. पण एकाची बायकोही कामाला जाते, तिच्या माघारी मुलाला शाळेतून हा आणतो. दुसऱ्याच्या घरी वडील आजारी आहेत, रात्री त्यांच्यापाशी तोच असतो. हेच बुधवारी कळलं असतं तर दोघा-तिघांनी आपसात पाळ्या बदलून तुमच्यापुढे तयार तोडगा ठेवला असता.

रजेचंही तेच. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी पोचायचंच असतं, बिहारच्या पोरांना छठला. लाइन तर बंद ठेवता येत नाही. तेव्हा दोन-तीन महिने आधीच सगळ्यांना एकत्र बसवा, तारखा सर्वांदेखत लिहा, गेल्या वर्षी कोणाची रजा हुकली होती ते बघा. ज्याला नाही म्हणायचंय त्याला तिथेच नाही म्हणा. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. पण ‘बघू’ म्हणून टांगून ठेवलेला माणूस ऐन सणाला आजारी पडतो, आणि तो आजार तुमच्या ‘बघू’नेच दिलेला असतो.

चूक सांगायची तर त्याच दिवशी, बाजूला घेऊन. ‘तुझं कामात लक्षच नसतं’ यावर समोरच्याने काय उत्तर द्यायचं? त्याऐवजी ‘काल दुसऱ्या पाळीत तीन ट्रे बर न काढता पुढे गेले. काय झालं होतं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, पण कधी कधी कळतं की टूल झिजलं होतं आणि नवीन मागूनही स्टोअरमधून आलं नव्हतं. मग दटावायचं कोणाला? फेब्रुवारीतली चूक वर्षाअखेरीला अप्रेझलच्या खोलीत काढणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. त्याला चूक सुधारणं म्हणत नाहीत, हिशेब चुकता करणं म्हणतात.

शाबासकीला आपण कंजूष. ‘ठीक आहे’ ही आपली सर्वोच्च पदवी. काय चांगलं केलं तेवढं तरी नेमकं सांगा.

ज्यांना काल काका म्हणत होतात त्यांना आज आडनावाने हाक मारू नका. काकाच म्हणा, आणि चुकले तर काकांनाही सांगा; नात्यापोटी झाकलेली चूक शेजारच्या मशीनवरच्या पोराला बरोबर दिसते. टपरीवर जुन्या दोस्तांबरोबर चहा घ्या, पण तिथे तिसऱ्याच्या कामाचा विषय काढू नका. आणि ‘ए कॉन्ट्रॅक्टवाले’ ही हाक बंद करा, त्या पोराला नाव आहे.

एक गोष्ट मात्र स्वतः मिटवायला जाऊ नका. एखादी सहकारी लैंगिक छळाबद्दल सांगायला आली, तर ‘त्याच्या मनात तसं नसेल’ म्हणून मध्यस्थी करू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, समिती कारण बघून मुदत वाढवू शकते, आणि लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची असते. तुम्ही शांतपणे ऐकून घ्या, समितीत कोण कोण आहे ते सांगा आणि ही गोष्ट चहाच्या टेबलावर नेऊ नका. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या शॉपमध्ये तो कुठे दिसत नसेल, तर या आठवड्यात एचआरकडे जाऊन मागून घ्या.