घोडं पेंड कुठे खातंय?

दर आठवड्याला तुमच्या पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. कुणाचं मित्राशी भांडण झालेलं असतं, कुणाला गणित आवडत नसतं, कुणाचं मांजर हरवलेलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एक पत्र आलं, ते वाचून मी दोन दिवस गप्प बसलो. नववीतल्या एका मुलीचं पत्र होतं. ‘नाव छापू नका’ असं तिनं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, म्हणून नाव छापत नाही. घोड्याचं नाव मात्र सांगतो. सुलतान.

तिनं लिहिलं होतं, ‘सुलतान आधी रेसचा घोडा होता. पळणं संपल्यावर बाबांनी तो माझ्यासाठी घेतला. दोन वर्षं मी त्याच्यावर ड्रेसाज शिकते आहे. स्पर्धेत आमचे गुण 56-57 टक्क्यांच्या वर जातच नाहीत. हल्ली तो डावीकडे वळताना मान झटकतो, शेपटी फटकारतो. आमचे सर म्हणतात, हा विकून टाका, शिकलेला घोडा घ्या. लग्नाच्या वरातींसाठी घोडे पुरवणारे एक गृहस्थ चांगली किंमत द्यायला तयार आहेत. आई म्हणते, पुढच्या वर्षी दहावी आहे. मी काय करू? ठेवू की विकू?’

ड्रेसाज म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ साधा, घोड्याला शिकवणं. 60 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असं सपाट मैदान असतं. कडेला इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. अमुक अक्षरापाशी दुडकी चाल सुरू करायची, तमुक अक्षरापाशी गोल फिरायचं, मध्यावर थांबून स्तब्ध उभं राहायचं. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण. स्वारानं इशारा केलेला बघणाऱ्याला दिसूही नये आणि घोड्यानं तो आनंदानं पाळावा, ही खरी परीक्षा. 2023 साली चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघानं ह्याच खेळात सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं आपलं त्याआधीचं सुवर्ण 1982 चं, दिल्लीतलं. म्हणजे मध्ये तब्बल 41 वर्षं गेली!

आता मी काही घोड्यांचा जाणकार नाही. लहानपणी माथेरानला एकदा घोड्यावर बसलो होतो, तेवढाच माझा अनुभव. म्हणून लष्करातून निवृत्त झालेल्या एका पशुवैद्यांना गाठलं. पत्र वाचून ते म्हणाले, ‘ठेवायचा की विकायचा हा प्रश्न नंतरचा. आधी घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघा.’

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मी तिला कळवल्या.

पहिली गोष्ट. घोड्याला कुठं दुखतंय का? घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. रानात लंगडणारा जनावराच्या तावडीत आधी सापडतो, म्हणून तो दुखणं होईल तितकं लपवतो. त्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात. चावून चावून त्यांना धारदार कडा येतात आणि लगामाची कडी ओढली की गाल सोलतो. ते दात कानशीनं घासून घ्यावे लागतात. शिवाय पाठ तपासायची, खूर तपासायचे, नाल तपासायची, आणि खोगीर! रेसचा घोडा शिडशिडीत असतो. नीट चंदी-चारा मिळाला, नवा व्यायाम सुरू झाला, की त्याच्या पाठीचा आकारच बदलतो. मग दोन वर्षांपूर्वी बेतशीर बसलेलं खोगीर आज रुतत असेल. तुमच्या पाचवीतल्या बुटांत सातवीत पाय घालून बघा, म्हणजे कळेल!

दुसरी गोष्ट. दोष स्वाराचा तर नाही? हे ऐकायला कडू आहे, पण विचारलंच पाहिजे. एका खांद्यावर दप्तर अडकवायची सवय असेल, तर माणूस घोड्यावरही एका अंगाला कलून बसतो. त्याला ते कळत नाही, घोड्याला मात्र प्रत्येक पावलाला कळतं. म्हणून दुसऱ्या चांगल्या स्वाराला एकदा सुलतानवर बसवायचं, आणि आपण दुसऱ्या घोड्यावर बसून बघायचं.

तिसरी गोष्ट. हे काम ह्या घोड्याच्या अंगाला मानवतं का? रेसचे थरोब्रेड घोडे पिढ्यानपिढ्या वेगासाठी जोपासलेले असतात. पुढे झेपावणं त्यांच्या रक्तात. ड्रेसाजमध्ये उलट, वजन मागच्या पायांवर तोलून सावकाश, डौलात चालायचं. काही थरोब्रेड हे शिकतातही छान. पण काहींच्या बाबतीत कबड्डीतल्या चढाईपटूला भरतनाट्यमला बसवल्यासारखं होतं. मुलगा गुणी असतो, पण वर्ग चुकलेला असतो.

दोस्तांनो, वर्ग चुकण्यावरून अमेरिकेतली एक खरी गोष्ट आठवते. 1956 साली हॅरी डी लेयर नावाचे घोडेस्वारीचे एक शिक्षक पेनसिल्व्हेनियातल्या बाजारात उशिरा पोचले. चांगले घोडे विकले गेले होते. उरलेले कत्तलखान्याच्या गाडीत चढवले होते. त्यातला एक पांढुरका, नांगराचा घोडा त्यांनी 80 डॉलरला सोडवला. पुढे तो शेजाऱ्याला विकलाही. पण तो पठ्ठ्या कुंपणावरून उड्या मारून परत ह्यांच्याच दारात! तेव्हा कुठं हॅरींच्या लक्षात आलं, की ह्याच्या अंगात उडी आहे. दोनच वर्षांनी, 1958 साली, तो घोडा अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत अमेरिकेचा विजेता ठरला. त्याचं नाव स्नोमॅन. आता सगळेच घोडे काही स्नोमॅन नसतात. पण ‘हा बिनकामाचा’ असा शिक्का मारण्याआधी कोणत्या कामासाठी बिनकामाचा, एवढं तरी विचारावं.

आणखी एक. कुणीतरी तिला ‘जरा चाबूक दाखव’ असाही सल्ला दिला होता. ह्याच खेळात ऑलिंपिकची 3 सुवर्णपदकं जिंकलेल्या ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिनवर 2024 साली एक वर्षाची बंदी आली, ती कशामुळे ठाऊक आहे? शिकवताना घोड्याच्या पायांवर चाबकाचे फटके मारतानाचं चित्रण उघड झालं म्हणून. पॅरिसचं ऑलिंपिकही तिला सोडावं लागलं. घोडा अडला की हात उगारणं सोपं असतं. तो का अडला हे शोधायला वेळ लागतो.

हे सगळं लिहून मी पत्र टाकलं. उत्तर आलं ते दिवाळीनंतर.

खोगीरच रुतत होतं! पुढच्या बाजूची भरती एका अंगाला दबून दगडासारखी झाली होती. आपण निकामी मजकुराला खोगीरभरती म्हणतो, पण इथं सगळं घोडं त्या भरतीपाशीच अडलं होतं. सुलतानला सहा आठवडे विश्रांती दिली. खोगीर नव्यानं भरून घेतलं. मान झटकणं थांबलं. पुढच्या स्पर्धेत गुण मिळाले 61 टक्के.

तुम्ही म्हणाल, चला, सुटला प्रश्न. मलाही तसंच वाटलं होतं. पण पत्र पुढे होतं. ‘वरच्या परीक्षेच्या हालचाली त्याला अजून जमत नाहीत. सरांनी स्वतः बसून पाहिलं, त्यांनाही जमल्या नाहीत. दुखत नसूनही तो मैदानात घामाघूम होतो. आणि बाहेर झाडांमधल्या वाटेवर नेला, की कान पुढे करून खुशीत चालतो. एका रात्री मी वहीत दोन रकाने केले, ठेवायचा आणि विकायचा. एका रकान्यात मला त्याची सवय आहे, मला रडू येईल. दुसऱ्यात मला पुढे जायचंय, मला अभ्यास आहे. सगळीकडे मला, मला, मला. त्याला काय हवंय, हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.’

मग तिनं तिसरा रकाना केला. त्यात मोकळी वाट, हलका स्वार, रोज कुणीतरी खरारा करणारं, आणि वरातीतला बँड व फटाके नकोत, एवढंच होतं.

तिनं सुलतानला विकला. वरातवाल्यांना नाही. त्याच पागेत शिकणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या घरी दिला. किंमत कमी आली. आधी महिनाभर त्यांना तो वापरून बघू दिला. मान झटकत होता, पाठ दुखत होती, मोठ्या स्पर्धेत पुढे जाणार नाही, हे सगळं खरंखरं सांगितलं. पुन्हा विकायची वेळ आलीच तर आधी आम्हाला विचारायचं, असं कागदावर लिहून घेतलं. नवा घोडा दहावीनंतर. तोवर ती पागेतल्याच एका म्हाताऱ्या घोडीवर शिकते आहे.

पालकांनो, ह्या मुलीच्या आईवडिलांनी एक गोष्ट फार छान केली. चारा, नालबंद, मोतद्दार, डॉक्टर ह्यांचा महिन्याचा हिशेब तिच्यापुढे मांडला आणि ती शाळेत गेलेली असताना परस्पर व्यवहार उरकला नाही. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तो घेताना आणि देताना मुलांनाही त्या हिशेबात धरावं.

पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, ‘पहिल्या रविवारी मी गेले तर तो लांबूनच खिंकाळला. मी खूप रडले. तिसऱ्या रविवारी तो मुलगा त्याला गवत भरवत होता. सुलताननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला. आधी वाईट वाटलं. मग मी पण थोडं गवत उचललं.’

दोस्तांनो, तुम्ही तिच्या जागी असतात तर काय केलं असतंत? ठेवला असता? का? पोस्टकार्डावर मावेल एवढंच लिहा, पण तिसरा रकाना विसरू नका.